परदेशात जाऊन दुसऱ्याचं घर बांधणं: हा प्रकार नेमका काय आहे आणि त्यातून घर कुणाचं उभं राहतं?

डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात थापी, मागे अर्धी उभी राहिलेली भिंत आणि शेजारी हसणारं एक कुटुंब. असे फोटो आणि रील्स तुम्हीही पाहिल्या असतील. आठ-दहा दिवस दुसऱ्या देशात जायचं, तिथल्या एखाद्या गरीब कुटुंबाचं घर बांधायला मदत करायची आणि परत यायचं. विशेष म्हणजे या कामाचे पैसे मिळत नाहीत, उलट जाणारा स्वतःच पैसे भरतो. विमानाचं तिकीट, राहणं-खाणं, विमा आणि बहुतेक वेळा बांधकामासाठी ठरावीक देणगी, हे सगळं त्याच्याच खिशातून.

सेवा आणि सहल यांच्या या मिश्रणाला इंग्रजीत 'व्हॉलंटुरिझम' असा शब्द आहे. काहींच्या मते ही माणुसकीची सगळ्यात सुंदर सुट्टी आहे. काहींच्या मते ही गरिबांच्या दारात काढलेली फोटोसहल आहे. या दोन्हींतलं खरं काय हे कळायला आधी एक साधी गोष्ट बघायला हवी. घर बांधताना नेमकं काय कमी पडतं?

तळेरेत घर बांधायचं झालं तर

उदाहरणासाठी आपल्याकडचंच एक गाव घेऊ. तळेरे हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या कणकवली तालुक्यातलं, मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव. इथून एक रस्ता पश्चिमेला विजयदुर्गाकडे जातो आणि दुसरा पूर्वेला वैभववाडी, गगनबावडा करत कोल्हापूरला.

या भागात घर म्हणजे जांभ्या दगडाचा चिरा. जांभा खाणीतून कापताना मऊ असतो आणि हवा लागली की हळूहळू टणक होत जातो. म्हणूनच तो करवतीने कापून चौकोनी चिरे काढता येतात. चिरा जड असतो. तो उचलायचा, थरावर बसवायचा, ओळंबा लावून भिंत सरळ आहे की नाही ते बघायचं, कोपरा काटकोनात धरायचा, हे सगळं गवंड्याचं काम. ते हातात बसायला वर्षं जातात. गवंड्याच्या हाताखाली माल कालवणारी, घमेली देणारी, बांधकामावर पाणी मारणारी माणसं लागतात.

आता समजा, परदेशातून पंधरा उत्साही माणसं तळेरेत घर बांधायला आली. त्यांना गवंडीकाम येत नाही. ती घमेली देतील, पाणी मारतील, चिरे एका हातातून दुसऱ्या हातात देतील. गवंडी मध्येमध्ये थांबून त्यांना शिकवेल. एखादा थर वाकडा गेला तर ती परत गेल्यावर तो काढून पुन्हा लावेल.

पण ज्या कुटुंबाचं घर अडलंय, त्याचं घर अडतं कशामुळे? घमेली उचलणारा माणूस मिळाला नाही म्हणून घर अडल्याचं फारसं ऐकू येत नाही. चिरे, सिमेंट, सळई आणि गाडीभाड्याला पैसे नसतात. जमीन सामाईक असते, सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं असतात, त्यातले निम्मे मुंबईला असतात आणि सगळ्यांची संमती मिळता मिळत नाही. घरकुल योजनेच्या यादीत नाव लागलेलं नसतं, किंवा लागलं तरी पुढचा हप्ता आलेला नसतो. आणि डोक्यावर पाऊस असतो. कोकणात बांधकामाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि जूनच्या आत छप्पर झालं नाही तर सगळं पुढच्या वर्षावर जातं.

यातली कोणती अडचण आठ दिवसांसाठी आलेला माणूस सोडवू शकतो? फक्त एकच, आणि ती म्हणजे पैसा. ही गोष्ट लक्षात ठेवून आता हा प्रकार सुरू कसा झाला ते बघू.

सुरुवात झाली युद्धाच्या राखेतून

परक्या देशात जाऊन तिथल्या लोकांची घरं उभी करायची, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधलं व्हर्दां हे भयंकर लढाईचं ठिकाण होतं. त्याजवळचं एन नावाचं खेडं लढाईत उद्ध्वस्त झालं होतं. १९२० साली प्येर सेरेसोल नावाचा एक स्विस अभियंता काही स्वयंसेवकांना घेऊन तिथे गेला आणि त्यांनी गावकऱ्यांसाठी तात्पुरती घरं बांधायला घेतली. या गटात जर्मन माणसंही होती. काल शत्रू असलेल्यांनी आज एकमेकांची घरं उभारावीत, हाच त्यामागचा विचार होता. जर्मनांच्या असण्याला विरोध झाला आणि काही महिन्यांतच काम थांबवावं लागलं. पण त्यातूनच 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संघटना उभी राहिली.

हाच सेरेसोल पुढे भारतात आला. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. मदतकार्याची धुरा राजेंद्र प्रसाद यांच्याकडे होती. सेरेसोल आणि त्याचे काही युरोपीय साथी बिहारला पोहोचले आणि मुझफ्फरपूर भागातल्या पुराच्या तडाख्यात येणाऱ्या गावांना नव्या जागी वसवण्याच्या कामात सामील झाले. ते एक आठवडा राहून परतले नाहीत. हे काम काही वर्षं टप्प्याटप्प्याने चाललं.

आनंदवनात परदेशी आले तेव्हा

महाराष्ट्राला या संघटनेची ओळख झाली ती बाबा आमटेंच्या आनंदवनामुळे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आणि साधनाताईंनी कुष्ठरुग्णांसोबत ओसाड जमिनीवर वसाहत उभी केली. रुग्णांनी विहिरी खणल्या, भाजीपाला पिकवला. पण तो भाजीपाला विकत घ्यायला वरोऱ्यातलं कुणी तयार नव्हतं. रोग लागेल ही भीती होती.

पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे वेगवेगळ्या देशांतले स्वयंसेवक आनंदवनात आले. काही महिने राहिले, रुग्णांसोबत त्यांनी इमारती बांधल्या. मुख्य म्हणजे ते तिथेच राहत होते आणि तिथलंच पिकलेलं खात होते. गोरे साहेब कुष्ठरुग्णांच्या हातचं खातात आणि त्यांना काही होत नाही, हे वरोऱ्याच्या लोकांनी बघितलं. मग भीती कमी होऊ लागली आणि आनंदवनाच्या भाजीला गिऱ्हाईक मिळू लागलं.

त्या स्वयंसेवकांनी किती विटा रचल्या हे आज कुणी विचारत नाही. विटा रचायला आनंदवनातले हात पुरेसे होते. पण त्यांच्या तिथे राहण्याने जे झालं, ते आनंदवनातल्या रुग्णांना एकट्याने करता आलं नसतं. परक्या माणसाच्या मदतीचं मोल मोजायचं तर ते असं मोजायला हवं.

मळवलीची शंभर घरं

आज हा प्रकार जगभर ज्या नावाने ओळखला जातो, ते नाव आहे 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी'. मिलर्ड आणि लिंडा फुलर या अमेरिकन दांपत्याने १९७६ साली जॉर्जिया राज्यातल्या अमेरिकस गावात ही संस्था सुरू केली. त्याआधी त्यांनी आफ्रिकेत, तेव्हाच्या झाईरमध्ये, घरबांधणीचा प्रयोग करून पाहिला होता.

त्यांचं सूत्र असं होतं. घर फुकट द्यायचं नाही. नफा आणि व्याज न लावता ते कुटुंबाला द्यायचं, कुटुंबाने हप्त्याने पैसे फेडायचे, आणि त्या पैशातून पुढच्या कुटुंबाचं घर बांधायचं. शिवाय कुटुंबाने स्वतःच्या आणि इतरांच्या घरावर ठरावीक तास राबायचं. याला ते 'स्वेट इक्विटी' म्हणतात, म्हणजे घामाचं भांडवल. भारतात या संस्थेचं काम १९८३ साली खम्मममध्ये सुरू झालं. खम्मम तेव्हा आंध्र प्रदेशात होतं.

संस्थेला जगभर प्रसिद्धी मिळाली ती अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आणि त्यांच्या पत्नी रोझलिन यांच्यामुळे. १९८४ पासून ते दोघं दरवर्षी एक आठवडा हातात हातोडा घेऊन घरं बांधायला जायचे. १४ देशांतल्या चार हजारांहून जास्त घरांच्या कामात त्यांचा हातभार लागला.

२००६ साली या उपक्रमासाठी त्यांनी निवडलं लोणावळ्याजवळचं मळवली. कार्ले आणि भाजे लेण्यांना जाणारे ज्या स्टेशनवर उतरतात, तेच मळवली. ऑक्टोबरच्या अखेरीस आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला, एका आठवड्यात, जवळपास दोन हजार देशी-परदेशी स्वयंसेवकांनी शंभर घरांवर काम केलं. ब्रॅड पिट त्या वेळी चित्रीकरणाच्या निमित्ताने पुण्यात होता. तोही एक दिवस येऊन विटा-सिमेंटमध्ये हात घालून गेला. साहजिकच सगळे कॅमेरे त्याच्याकडे वळले.

कार्टर कुटुंबाचं महाराष्ट्राशी नातं मात्र त्याहून जुनं. जिमी कार्टर यांच्या आई लिलियन या परिचारिका होत्या. वयाच्या ६८ व्या वर्षी त्यांनी अमेरिकेच्या 'पीस कोअर' या स्वयंसेवक दलात नाव घातलं आणि १९६६ ते १९६८ या काळात त्या मुंबईत विक्रोळीला राहून तिथल्या दवाखान्यात काम करत होत्या. आईची जवळपास दोन वर्षं आणि मुलाचा एक आठवडा. दोन्ही स्वयंसेवाच, पण प्रकार वेगळे.

एका आठवड्यात घर होतं तरी कसं?

होत नाही. अशा झटपट उपक्रमांत जमिनीची कागदपत्रं, कुटुंबांची निवड, नकाशे, सामानाची खरेदी, पाया आणि जोतं हे सगळं आधीच करून ठेवलेलं असतं. स्वयंसेवक येतात तेव्हा भिंती चढवायच्या, छप्पर टाकायचं किंवा रंग द्यायचा असतो. प्रत्येक घरावर जाणता गवंडी असतो. सगळे गेल्यावर उरलेलं गिलाव्याचं, विजेचं आणि दुरुस्तीचं काम स्थानिक कामगार पूर्ण करतात. काँक्रीट आणि सिमेंटच्या बांधकामाला कित्येक दिवस पाणी मारावंच लागतं. पाहुण्यांच्या परतीच्या तिकिटाप्रमाणे ते सुकत नाही.

म्हणजे स्वयंसेवकाचा आठवडा हा महिनोन्महिने चाललेल्या कामातला सगळ्यात दिसणारा भाग असतो. घर त्या न दिसणाऱ्या महिन्यांवर उभं राहतं.

मग पैशाचं गणित काय सांगतं?

या प्रश्नावर एक अभ्यास खूप चर्चेत आहे. १९९८ साली 'मिच' नावाच्या चक्रीवादळाने मध्य अमेरिकेतल्या होंडुरास देशाची धूळधाण केली. त्यानंतर उत्तर अमेरिकेतल्या चर्चचे गट तिथे घरं बांधायला गेले. काही घरं या पाहुण्या गटांनी बांधली, काही तिथल्याच लोकांनी. काही वर्षांनी कर्ट व्हेर बीक या समाजशास्त्रज्ञाने दोन्ही प्रकारच्या कुटुंबांशी आणि परतलेल्या स्वयंसेवकांशी बोलून तुलना केली.

एक घर बांधायला सुमारे २,००० डॉलर लागत होते. आणि एका गटाचा सहलीचा एकूण खर्च सरासरी सुमारे ३०,००० डॉलर होता. म्हणजे एका गटाच्या खर्चात पंधरा घरं झाली असती. ज्या कुटुंबांना घर मिळालं, त्यांच्या आयुष्यात घर कुणी बांधलं यामुळे विशेष फरक पडलेला दिसला नाही. मुख्य गोष्ट घर मिळण्याची होती.

यावर एक उत्तर नेहमी दिलं जातं. सहलच नसती तर ते ३०,००० डॉलर होंडुरासला गेलेच नसते. लोक तिकिटाला पैसे काढतात, देणगीला काढत नाहीत. हे बऱ्याच अंशी खरं आहे. शिवाय, एकदा डोळ्यांनी बघितलेला माणूस परत गेल्यावर आयुष्यभर मदत करत राहतो, असंही म्हटलं जातं. या दुसऱ्या दाव्याला मात्र अभ्यासात फारसा आधार मिळाला नाही. परतल्यावरचा उत्साह बहुतेकांच्या बाबतीत टिकला नव्हता.

सावड आणि स्वयंसेवा यांतला फरक

कोकणात आणि देशावर एकमेकांच्या कामाला जायची जुनी पद्धत आहे. कुणी तिला सावड म्हणतं, कुणी इर्जिक. आज माझ्या शेतात तू, उद्या तुझ्या शेतात मी. घरं गवताने किंवा झावळ्यांनी शाकारलेली असायची तेव्हा पावसाआधी शाकारणीलाही असेच शेजारी यायचे. मजुरी नसायची, जेवण असायचं. पण हिशेब प्रत्येकाच्या डोक्यात पक्का असायचा, कारण पुढच्या आठवड्यात परत जायचं असायचं.

यात घेणारा कधीच लहान होत नाही. तो फक्त आज घेतो आणि उद्या देतो. परदेशी पाहुण्यांच्या बाबतीत हे 'उद्या' येतच नाही. ज्याचं घर बांधलं जातं, तो कधी त्यांच्या गावी जाऊन त्यांचं छप्पर शाकारणार नसतो. म्हणून बऱ्या संस्था कुटुंबाकडून श्रम आणि हप्ते घेण्यावर भर देतात. त्यामागे पैशाइतकाच मानाचा प्रश्न आहे. स्वतःच्या घरावर राबलेलं कुटुंब फोटोतला लाभार्थी राहत नाही, घरमालक होतं.

किल्लारीने शिकवलेला धडा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिव भागात भूकंप झाला. जवळपास आठ हजार माणसं गेली. त्यानंतर देशा-परदेशातून मदत आली, अनेक संस्थांनी गावं दत्तक घेतली आणि ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. नवी गावं सरळ रस्त्यांची, एकसारख्या घरांची होती. दगडमातीच्या वाड्यांत राहिलेल्या शेतकऱ्यांची गुरं, कडबा, अवजारं, अंगण यांना त्या आखणीत जागा शोधावी लागली. लोकांनी पुढे आपल्या सोयीने भिंती वाढवल्या, पडव्या काढल्या.

त्याच वेळी ज्या गावांत पडझड कमी होती, तिथे दुसरी पद्धत वापरली गेली. घरमालकाला पैसे, सामान आणि अभियंत्याचा सल्ला मिळाला आणि दुरुस्ती त्याने स्वतः करून घेतली. अशा दुरुस्त्या फार मोठ्या संख्येने झाल्या. गावागावांत बायकांनी 'संवाद सहायक' म्हणून लोकांना भूकंपरोधक बांधकामाची माहिती दिली. पुढे २००१ च्या भूजच्या भूकंपानंतरही घरमालकाच्या हाती काम देण्याच्या पद्धतीवर भर दिला गेला.

सरकारची ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनाही याच तत्त्वावर बेतली गेली. २०१६ साली ती आली तेव्हा किमान २५ चौरस मीटरचं घर, सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपयांचं अनुदान, आणि रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांची मजुरी, अशी तिची मांडणी होती. यातला शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. घर बांधणाऱ्याच्या श्रमाला इथे मजुरी आहे.

मग बाहेरचे हात कधीच उपयोगी नसतात का?

असतात. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला. पाणी ओसरलं तेव्हा घराघरांत, दुकानादुकानांत चिखल साचला होता. हा चिखल उपसायला कसब लागत नव्हतं, माणसं लागत होती, आणि तीही लगेच. महाराष्ट्रभरातून तरुण फावडी घेऊन तिथे गेले. त्यांचा एकेक दिवस कामी आला.

त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेलं. कौलं आणि पत्रे उडाले, झाडं घरांवर पडली, आणि पावसाळा दोन-तीन आठवड्यांवर होता. अशा वेळी पडलेली झाडं हलवणारे, कौलं वर पोहोचवणारे हात सोन्यासारखे असतात. काम साधं, वेळ कमी आणि स्थानिक माणूस स्वतःच संकटात, या तीन गोष्टी एकत्र आल्या की बाहेरून आलेली माणसं भार होत नाहीत.

आणि तुम्ही स्वतः गवंडी, इलेक्ट्रिशियन, प्लंबर किंवा सिव्हिल इंजिनिअर असाल, तर गोष्टच वेगळी. तुम्ही नेताय ते कौशल्य.

नियम काय सांगतात?

भारतात पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी व्यक्तीला जास्तीत जास्त एक महिना, कोणताही मोबदला न घेता, अल्पकालीन स्वयंसेवा करता येते. त्याहून मोठ्या कामासाठी वेगळा व्हिसा लागतो. परदेशातून देणगी घेणाऱ्या संस्थेकडे विदेशी योगदान नियमन कायद्याखाली म्हणजे 'एफसीआरए'खाली नोंदणी किंवा परवानगी असावी लागते. तुम्ही भारतातून दुसऱ्या देशात जाणार असाल तर तिथले नियम वेगळे असतील. पर्यटक म्हणून जाऊन काम करणं अनेक देशांत बेकायदा आहे, मग ते बिनपगारी का असेना. संस्था 'काळजी करू नका' म्हणाली तरी त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचून घ्या.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

- मी भरलेल्या रकमेतले किती पैसे घराच्या सामानाला आणि मजुरीला जातात? लेखी सांगा.
- कुटुंबाची निवड कुणी केली? जमीन कुणाच्या नावावर आहे? घराचे कागद कुणाला मिळणार?
- घराचा नकाशा ठरवताना कुटुंबाला, विशेषतः घरातल्या बायकांना विचारलं का? चूल, न्हाणी, गुरं कुठे असणार?
- कामावर स्थानिक गवंडी किती आहेत? आम्ही आल्यामुळे कुणा स्थानिक मजुराचा रोज बुडतो का?
- आम्ही गेल्यावर काम कोण पूर्ण करणार आणि छप्पर गळलं तर कुणाला फोन करायचा?
- कुटुंबाचे, लहान मुलांचे फोटो काढून टाकायला त्यांची परवानगी घेतली जाते का? 'नाही' म्हणायची त्यांना मोकळीक आहे का?
- आम्ही आलोच नाही, नुसते पैसे पाठवले, तर त्यात काय होईल?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. प्रामाणिक संस्था त्याचं सरळ उत्तर देते. ती सांगेल की इतक्या पैशात इतकी जास्त घरं होतील, किंवा सांगेल की तुमच्या येण्याचा अमुक एक वेगळा उपयोग आहे, जसा तो आनंदवनात होता. उत्तर ऐकून तुम्ही गेलात तर डोळे उघडे ठेवून जाल. नाही गेलात आणि तिकिटाचे पैसे घराच्या चिऱ्यांसाठी, पत्र्यांसाठी किंवा गवंड्याच्या मजुरीसाठी पाठवले, तर फोटो येणार नाही, पण पाऊस लागायच्या आत कुणाचं तरी छप्पर झालेलं असेल.